चंद्रव्वाची गवी

सोलापुरात मार्शल लॉ लागला ते १९३० साल. पांढरी टोपी घालून रस्त्यावर दिसलेल्याला शिपाई फोडून काढत होते, आणि गिरणीचा भोंगा झाला तरी माणसं दारं लोटून आत बसत होती. ते सगळं उन्हाळ्यात झालं. चन्नम्माच्या लेखी मात्र त्या सालाची ओळख राहिली ती हिवाळ्यात तिच्या दारात येऊन थांबलेल्या बैलगाडीनं. पुढं कुणी मार्शल लॉचा विषय काढला की ती म्हणायची, "त्याच सालची येळवस."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. सोलापूरच्या दक्षिण अंगाला, जिथं माणसं सकाळी मराठीत भांडतात आणि संध्याकाळी कानडीत समजूत काढतात, तिथं हा सण दिवाळीपेक्षा मोठा. त्या दिवशी गावात कुत्रंदेखील राहत नाही. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोपी उभी करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, भज्जी, उंडे, खीर, कडक भाकरी असं सगळं रानात न्यायचं. घरची बाई आंबिलाचं बिंदगं डोक्यावर घेऊन पुढं चालणार, मागून पोरं. वाटेनं जाणारा वैरी जरी असला तरी त्याला हात धरून जेवायला बसवायचं.

माहेरच्या हणमगुंडीहून आलेल्या त्या गाडीतून चन्नम्माचा चुलतभाऊ, बसप्पा चुलत्याचा मुलगा ईरप्पा उतरला. अंगात नवा कोट, डोक्याला रुमाल. चाळीच्या ओट्यावर बसून त्यानं पाणी घेतलं, भाच्यांच्या हातावर शेंगांची पोळी ठेवली आणि मग खाली बघत म्हणाला, "अक्का, अप्पानं बोलावलंय. येळवशीला हणमगुंडीला यायचं. जेवणाआधीची हाक तू मारायची."

"इतकी वर्षं कुणी मारली?"

"मारली की कुणीबुणी. पर औंदा घरचीच लेक पायजे म्हणत्यात. गवीला देऊळ बांदतोय आमी."

चन्नम्मा ज्वारी निवडत होती. तिचा हात थांबला. "कंच्या गवीला?"

"आपल्या मळ्यातल्या की."

"तिला नाव हाय, ईरप्पा. नाव घेऊन सांग."

ईरप्पानं रुमाल काढला, पुन्हा बांधला. "मोडनिंबचे बुवा म्हणत्यात, ती गाईची गवी हाय."

चन्नम्माचा नवरा सोमलिंग गिरणीत साच्यावर होता. संप आणि बंद यांत त्याचे दोन महिने बुडाले होते, आणि तसाही तो भांडणाचा माणूस नव्हता. तो म्हणाला, "जा की. थोरल्या माणसाचा बोल मोडू न्हाय. देऊळच बांदत्यात, कुणाचं घर न्हाय पाडत."

"तुमाला काय ठाव कुणाचं घर ते," चन्नम्मा म्हणाली. पण तिनं लुगड्याची घडी काढली. ती जायला तयार झाली याचंच ईरप्पाला इतकं हायसं वाटलं, की ती का तयार झाली हे त्यानं विचारलं नाही.

गवी हा शब्द तिकडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. कानडी मुलखातून तो आला आणि मराठीत येऊन घरच्यासारखा बसला. लेणं म्हटलं की कुणीतरी छिन्नी घेऊन कोरलेलं असतं. भुयाराला दुसरं तोंड असतं. गवीला यातलं काही नाही. दगडाच्या पोटाखालची माती पावसानं वर्षानुवर्षं खाल्ली की गवी होते. वाकून आत शिरावं, गुडघे छातीशी घेऊन बसावं, एवढीच. तिथं कोल्ही वितात, वळवात मेंढके टेकतात. हणमगुंडीची सगळी जमीन सपाट. एका माळाच्या कडेला तेवढा काळ्या दगडाचा बसका कडा, आणि त्याच्या पोटात ती गवी. चन्नम्माच्या आज्याच्या वेळी तिला नुसतं गवीच म्हणत. एकच होती, नावाची गरज काय?

नाव लागलं ते प्लेगात.

चन्नम्मा तेव्हा पाच वर्षांची होती. घरात उंदीर पडले तसं गाव उठलं आणि रानात खोपटी घालून राहिलं. तिचा बाप गुरप्पा थोरला, पण घर चालायचं ते धाकट्या भावाच्या, बसप्पाच्या शब्दावर. गुरप्पा हा असा माणूस, की बैलानं शिंग उगारलं तरी आधी भावाकडे बघायचा. एका सकाळी चन्नम्माच्या आईच्या, चंद्रव्वाच्या, काखेत गाठ आली. बसप्पानं तिला खोपटात ठेवू दिलं नाही. दोन दिवस बाजूला असू दे म्हणून तिला गवीत नेलं, एक घोंगडं आणि एक घागर दिली, आणि कोल्ही-कुत्री नकोत म्हणून तोंडाला बाभळीच्या काट्यांच्या फांद्या लावल्या.

त्यापुढचं चन्नम्माला कानांनी आठवायचं. आई हाका मारायची. आधी गुरप्पाला, मग दिराला, मग जावेला, मग "चन्नी, पाणी आण गं" म्हणून तिलाच. चन्नम्मा उठली की कुणीतरी तिला दंडाला धरून खाली बसवायचं. मग एका दिवशी हाक आली नाही. मोठी माणसं म्हणाली, रोगानं गेली. गवीचं तोंड दगडांनी बंद केलं, तीच तिची समाधी झाली, आणि लोक तिला चंद्रव्वाची गवी म्हणू लागले. गावानं नाव कुणाला विचारून दिलं नव्हतं. मेंढका म्हणायचा, "आज चंद्रव्वाच्या गवीकडं चारा हाय." नांगरणारा म्हणायचा, "चंद्रव्वाच्या गवीपातूर नांगराचं दोन तास राहिलं." त्या उच्चारात राग नसायचा, लोभही नसायचा. पण ते नाव रोज घेतलं जायचं, आणि बसप्पाला ते रोज ऐकावं लागायचं.

गाडी हणमगुंडीला पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. चन्नम्मा घरी गेली नाही, आधी मळ्यात गेली. तिनं पाहिलं तर गवीचे दगड काढलेले, आत-बाहेर चुना फासलेला, तोंडाशी चौथरा घातलेला आणि कमरेएवढ्या भिंती आलेल्या. आतल्या चार हाडांचं काय केलं, हे तिनं गवंड्याला विचारलं.

"मालकांनी पोत्यात घालून नदीला सोडली म्हणं," गवंडी म्हणाला. तो परगावचा होता. "कुण्या जनावराची असतील."

चौथऱ्यावर मोडनिंबचे महिपतीबुवा घोंगडीवर बसले होते. कीर्तनकार माणूस, गोरेपान, बोटात चांदीची अंगठी, बोलणं लोण्यासारखं. समोर गावातली पाच-सहा माणसं आणि कडेला टेकून उभा बिरप्पा मेंढका. बुवा सांगत होते, "गो म्हणजे गाय, हे तर तुम्हां सर्वांस ठाऊकच आहे. त्यावरून गवी. एक कपिला रोज कळप सोडून इथं यायची आणि या शिळेवर पान्हा सोडायची. गुराख्यानं पाळत ठेवली. पाहतो तो काय, शिळेतून ज्योत निघालेली. ते स्थान, ती गवी."

"बुवा, गाय आत शिरली कशी म्हणायची?" बिरप्पानं विचारलं. "माझं मेंढरू शिंगं मोडून घेतंय हितं."

माणसं हसली. बुवाही हसले. "अरे, देवाची गाय ती. तिला तुझ्या मेंढरासारखी शिंगं असतील होय?"

"मग बिनशिंगाची गाय म्हणजे शेळीच की."

"बिरप्पा," मागून आवाज आला, "मेंढरं हाकलायचं बघ. दुसऱ्याच्या पिकात शिरली की मग माझ्याकडं येशील रडत."

बसप्पा आला होता. साठीचा, अजून ताठ, कपाळावर विभूतीचे जाड पट्टे. चन्नम्मानं वाकून पाया पडायला हवं होतं. ती वाकली नाही. त्यानंही ते पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि तिला बाजूला, हरभऱ्याच्या बांधावर नेलं.

"आलीस, बरं झालं. चाळीत लेकरं बरी हाईत?"

"चिक्कप्पा, माझ्या आईची हाडं नदीत का टाकली?"

"गंगेला मिळाली ती. दगडात कुजत पडण्यापरीस बरं न्हाय का? ऐक. ईरप्पाची बायको बाळंतपणात गेली, तुला ठाव हाय. बार्शीचं स्थळ आलं व्हतं दुसरेपणाला. अडतीतली माणसं, चांगली. पोरीची आजी मळा बघायला आली. बघता बघता विचारती, ह्या गवीला बाईचं नाव का? आपल्याच गावातल्या कुण्या भल्यानं सांगितलं. म्हातारी गाडीत बसली, पाणीसुद्धा घेतलं न्हाय. आमच्या पोरीला ताप आला तर कुटं ठेवताल, म्हणाली."

"खरं बोलली."

"तू बी तसंच म्हणणार. तवा तुला काय कळत व्हतं? गावात रोज पाच मढी निघत व्हती. एकीसाठी सगळं घर घालवायचं व्हतं का मी?" त्यानं आवाज खाली आणला. "झालं ते झालं. आता ते नाव पुसायचं हाय. गावाला मी सांगून न्हाय पटणार. पर चंद्रव्वाची लेकच उभी राहिली, तिनंच गाईच्या गवीला दिवा लावला, हाक मारली, की तोंडं बंद व्हतील. दरसाल दोन पोती ज्वारी धाडीन तुझ्या घरी. तुझ्या मालकाला काम न्हाय म्हणं."

चन्नम्माला वाटलं, इथंच वाकावं, ढेकूळ उचलावं आणि त्या पट्ट्यांवर मारावं. ज्वारीचा बोल नसता काढला तर कदाचित ती तेव्हाच रडून परत फिरली असती. त्या दोन पोत्यांनी तिचं रडू आटवलं.

"हाक मारीन," ती म्हणाली.

बसप्पानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

ती ऐकेल असं त्याला वाटायला कारण होतं. त्यांच्या घरात येळवशीची एक रीत होती, गावात आणखी कुणाकडे नव्हती. जेवणाआधी घरच्या लेकीनं कोपीच्या तोंडाशी उभं राहायचं आणि त्या शेतात राबून मेलेल्यांना नावानं जेवायला बोलवायचं. सुनांना हा मान नव्हता. एक नाव उच्चारलं की घरधन्यानं त्या नावाचा घास स्वतःच्या हातानं कोपीत ठेवायचा, आणि सगळ्या नावांचे घास पडल्याशिवाय कुणी अन्नाला शिवायचं नाही. लहानपणी चन्नम्माच हाक मारायची. एका वर्षी आज्याचं, पणज्याचं नाव घेऊन झाल्यावर ती आईसाठी "अव्वा" म्हणाली, तर बसप्पानं थोबाडीत दिली. प्लेगात मेलेल्याला बोलवत नाहीत, रोग माघारी येतो, म्हणाला. बाप शेजारी बसला होता, तो आंबिलाकडे बघत राहिला. पोर गप्प झाली, ती लग्न होऊन जाईपर्यंत गप्प राहिली. तेव्हा गप्प बसलेली पोर आताही गप्प बसेल, असं बसप्पा धरून चालला. एवढ्या हुशार माणसानं केलेली ती एवढीच चूक.

येळवशीच्या सकाळी बसप्पानं दवंडी दिली, की औंदा कुणी आपापल्या रानात जेवायचं नाही, सगळ्या गावानं गवीपुढं पंगत धरायची. लोक आले. न येऊन करतात काय, निम्म्या गावाचे बैल त्याच्या कडब्यावर जगायचे. पण आपापली भज्जीची पातेली घेऊन आले, आणि तूर, वाटाणा, हरभरा, चिंचेचं आंबट असा तो वास सगळ्या माळावर भरून राहिला. थंडी चांगली होती. पोरं गव्हाच्या ओंब्या भाजत होती. बायका एकमेकींच्या उंड्यांना नावं ठेवत होत्या.

"गोजरबाई, उंडा हाय का गोफणीतला दगड?"

"तुझे दात कुटं हाईत बघायला? तुला आंबीलच पाज."

चन्नम्मा त्यांत बसली होती. बसप्पाची बायको पार्वतम्मा, तिची चिक्कव्वा, शेजारी येऊन टेकली. ती पार वाळून गेली होती. चन्नम्माच्या मनगटाला तिनं हात लावला. "बांगड्या भरल्या का गं नव्या?"

"माझ्या आईच्या बांगड्या कुटं गेल्या, चिक्कव्वा?"

पार्वतम्मानं हात काढून घेतला.

कोपीच्या जागी यंदा गवी होती. तिच्यात पाच पांडव मांडले होते आणि मधोमध शेंदूर लावलेली बुवांची शिळा. आंबील शिंपडत प्रदक्षिणा झाली, पोरांनी 'ओलगे ओलगे' असा आरडाओरडा केला. मग बसप्पा पितळी ताट घेऊन गवीच्या तोंडाशी उभा राहिला. ताटात घास मांडलेले होते. बुवांनी डोळे मिटले. गाव शांत झालं.

चन्नम्मा उभी राहिली. तिनं पहिलं पणज्याचं नाव घेतलं. बसप्पानं वाकून घास ठेवला. आज्याचं, आजीचं. घास पडले. "गुरप्पा, ह्या शेताचा थोरला, जेवायला ये." चौथा घास.

बसप्पा सरळ झाला. नावं संपली होती.

"चंद्रव्वा," चन्नम्मा म्हणाली, "गुरप्पाची बायको, ह्या शेताची थोरली सून. तुझा दीर ताट घेऊन उभा हाय. जेवायला ये."

कुणाच्या तरी हातातली पळी पातेल्यावर आपटली, तेवढाच आवाज झाला.

"तिला घास लागत न्हाय," बसप्पा म्हणाला. "प्लेगाची व्हती. बुवा, सांगा."

"शास्त्रात असं आहे..." बुवांनी सुरुवात केली.

"शास्त्र ऱ्हाऊ द्या बुवा," बिरप्पा बोलला. "हाक गेली की घास ठेवायचा, ही ह्यांच्याच घरची रीत. मालक, ठेवा की. पोरं उपाशी हाईत."

"तुला कुणी विचारलं?"

"मला न्हाय विचारलं. जेवायला बोलावलंय मातूर."

कुणी हसलं नाही. पंगतीत कुणीही ताटाकडे हात नेला नाही. वर्षानुवर्षं ज्यांनी त्या घरची हाक ऐकली होती, त्यांना घास पडल्याशिवाय अन्न गिळणं अशुभ वाटत होतं. पिकावर येतं म्हणायचे. बसप्पानं गावाकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. दुसऱ्या कुणाला कळलं नसेल, चन्नम्माला कळलं, की याला वाट सापडली.

"बरं," तो मोठ्यानं म्हणाला. "पोरीनं डोळे उघडले माझे. वैनी सवाष्ण मेली, मुत्तैदी मेली. अशी बाई म्हणजे देवीच. ह्या गवीत गाईसंगं तिची बी स्थापना करू. चंद्राई म्हणू. दरसाल ओटी भरू." आणि त्यानं घास उचलला. "घे, आई."

दोन-चार बायकांनी हात जोडलेसुद्धा.

"देवी करू नका तिला," चन्नम्मा म्हणाली. "देवीला कोण इचारतं, तू मेलीस कशी? आई म्हणू नका. वैनी म्हणा. नाव घ्या, आणि हितं तिला कुणी घातलं ते सांगा, मग घास ठेवा."

"गप, रांडे," बसप्पा म्हणाला. विभूतीखालची शीर फुगली होती. "प्लेगानं मेली ती. समद्या गावाला ठाव हाय."

"प्लेगानं न्हाय मेली."

हे चन्नम्मा बोलली नव्हती. पार्वतम्मा उठून उभी होती. डोक्यावरचा पदर तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, जणू वारा सुटलाय.

"गाठ फुटली व्हती तिची," ती म्हणाली. नवऱ्याकडे बघत नव्हती, गवीकडेच बघत होती. "ताप उतरला व्हता. मी तांब्या घेऊन आले तर काट्यामागं उठून बसलेली. म्हणली, पारू, बरं वाटतंय गं, काटं काढ. काट्यातून हात भाईर काढला. ह्यांनी मागनं येऊन तांब्या पालथा केला माझ्या हातातला. म्हणले, ही भाईर आली तर तुझं तान्हं जातंय. ईरप्पा माझ्या काखेत व्हता. मग ह्यांनी दगड लावले. ती आतनं बोलत व्हती तवाच लावले. मी एक दगड दिला उचलून."

ईरप्पा पंगतीत वाढायला उभा होता. त्याच्या हातात खिरीचं पातेलं होतं. ते त्यानं खाली ठेवलं आणि कोट काढायला लागला; का काढतोय हे त्यालाही ठाऊक नसावं.

चन्नम्मानं इतकी वर्षं आईला तापात, भ्रमात मेलेली धरलं होतं. त्यातच थोडं समाधान मानलं होतं, की शेवटी तिला कळलं नसेल. आता तेही गेलं. आई बरी झाली होती. बरी होऊन पाणी मागत होती. तिला पार्वतम्माचा गळा धरावासा वाटला, आणि ही बाई आज बोलली म्हणून तिच्या पाया पडावंसं वाटलं नाही, अजिबात नाही.

"सत्तावीस वर्षं," ती पार्वतम्माला म्हणाली. "सत्तावीस वर्षं एका पंगतीत बसून जेवलीस तू." मग बसप्पाकडे वळली. "आता घास ठेवा. नाव घेऊन."

बसप्पा गवीच्या तोंडाशी उभा होता. आत जायला वाकावं लागत होतं. तो एकदा वाकला, अर्धा. ताटातल्या आंबिलाची वाटी हलून त्याच्या हातावर सांडली. लोक बघत होते. त्यानं तोंड उघडलं, पण नाव आलं नाही. मग त्यानं ताट चुन्याच्या भिंतीवर फेकलं आणि हरभऱ्यातून, पीक तुडवत, घराकडे चालू लागला. ताट घरंगळत पंगतीपर्यंत आलं. ते कुणी उचललं नाही.

ईरप्पा पुढं आला. "अक्का, मी ठेवतो घास."

"तू घरधनी न्हाईस अजून. त्यांचाच पायजे मला."

"पोरं उपाशी..."

"माझी आई बी उपाशीच हाय."

गाव उठलं. भरली पातेली, न उलगडलेल्या भाकरी तशाच फडक्यात बांधून माणसं आपापल्या रानाकडे गेली. कुणी चन्नम्माशी बोललं नाही. तिच्यावरही ते चिडले होते. सणाचं जेवण तिनं मोडलं होतं. बुवा आपली घोंगडी झटकत होते. त्यांना ती म्हणाली, "बुवा, गवी म्हणजे काय ते कळलं का आता?" बैलगाडी नको म्हणून ती चालत सडकेला निघाली. बिरप्पा मेंढरं घेऊन सडकेपर्यंत मागून आला. वाटेत त्यानं कांदा-भाकरी पुढं केली, ती तिनं घेतली नाही. "लई रागीट हाईस," तो म्हणाला. ती म्हणाली, "व्हय."

बसप्पा त्यानंतर चार वर्षं जगला. दर येळवशीला तो आपल्या शेतात जेवायला बसायचा, पण वाटसरू त्याच्या कोपीकडे फिरकत नसत. चंद्रव्वाचा घास राहिलाय म्हणत. घास त्यानं ठेवला नाही, नावही घेतलं नाही. देवळाच्या भिंती कमरेएवढ्याच राहिल्या आणि पुढं लोकांनी त्यांचे दगड विहिरींना नेले. मोडनिंबच्या बुवांनी ती गाईची कथा दुसऱ्या गावच्या गवीला लावली आणि तिथं ती चांगली चालली म्हणतात. ईरप्पाला बार्शीची मुलगी मिळाली नाही. वळसंगकडची एक गरीब घरची केली, संसार नीट झाला. बाप गेल्यावर तो घरधनी झाला तेव्हा त्यानं सोलापूरला येऊन चन्नम्माला बोलावलं. ती गेली, हाक मारली, आणि ईरप्पानं नाव घेऊन घास ठेवला. तसं पुढं दरसाल झालं. चन्नम्मा हाक मारायची, पण त्या शेतात तिनं कधी अन्नाला हात लावला नाही. पार्वतम्मा शेवटी आंधळी झाली. आपल्या लेकासुनेपाशी ती चन्नम्माला भेटायचं आहे म्हणून सारखी म्हणायची. निरोप दोनदा आला. चन्नम्मा गेली नाही, मातीलाही नाही. बिरप्पा मेंढरं राखत म्हातारा झाला आणि एका उन्हाळ्यात माळावरच गेला.

सोमलिंगला पुढच्या वर्षी दुसऱ्या गिरणीत काम लागलं. चन्नम्मा नातवंडं खेळवण्याइतकी जगली. घरात कुणी आजारी पडलं की ती उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून रात्र रात्र बसायची आणि दुसऱ्या कुणाला बसू द्यायची नाही. वय झालं तशी ती पुष्कळ गोष्टी विसरली, माणसांची नावं विसरली, सणांचे दिवस विसरली. बसप्पावरचा राग तेवढा ती विसरली नाही.